पहिला 'सर' झालेला नट सदुसष्टाव्या वर्षी दौऱ्यावर का होता?

यॉर्ककरीण
गेल्या महिन्यात एका लग्नासाठी ब्रॅडफर्डला जाणं झालं. मुक्काम मिडलंड हॉटेलात. जुनं, व्हिक्टोरियन थाटाचं, भरपूर टाइल्स आणि उंच छत. जेवणाच्या टेबलावर शेजारच्या आजोबांनी सहज सांगितलं, "हेन्री आयर्व्हिंग इथेच गेला, खाली, खुर्चीत बसल्या बसल्या." मला नाव ऐकून माहीत होतं, इतकंच. घरी येऊन वाचायला बसले ते रात्री दोनपर्यंत.

१३ ऑक्टोबर १९०५, शुक्रवार. ब्रॅडफर्डच्या थिएटर रॉयलमध्ये कवी टेनिसनच्या 'बेकेट' नाटकाचा प्रयोग. शेवटच्या प्रवेशात आर्चबिशप बेकेटचा कॅथीड्रलमध्ये खून होतो आणि 'प्रभो, तुझ्या हाती' अशा अर्थाचे शब्द उच्चारून तो कोसळतो. पडदा पडला, आयर्व्हिंग हॉटेलवर आला, खुर्चीत बसला आणि गेला. वय ६७. रक्षा वेस्टमिन्स्टर ॲबीत ठेवली.

आता माझी शंका. हाच माणूस १८९५ साली 'सर' झाला. नटाला नाइटहूड मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्याआधी सतरा वर्षं लंडनचं लायसियम थिएटर त्याच्या ताब्यात. मग म्हातारपणी, आजारी छाती घेऊन, ऑक्टोबरच्या गारठ्यात गिरणीगावांचे दौरे करायची वेळ त्याच्यावर का यावी? हौस होती की गरज?

पिटातला
गरज. सविस्तर रात्री लिहितो, आत्ता लोकलमध्ये लटकतोय.

खवचट_आजोबा
टपाल खात्यात चिकटला असता तर अठ्ठावन्नाव्या वर्षी नारळ, शाल आणि पेन्शन. पण तुम्ही कशाला ऐकताय.

अनुस्वार
धागा छान. एक दुरुस्ती: उच्चार 'आयर्व्हिंग' नाही, 'अर्व्हिंग'.

यॉर्ककरीण
@अनुस्वार, शाळेपासून आयर्व्हिंगच वाचलंय हो. आता जिभेला कसं वळवू!

कळसूत्री
नाव तरी कुठे खरं होतं? जॉन हेन्री ब्रॉड्रिब. सॉमरसेटमधल्या किंटन मँडव्हिल नावाच्या खेड्यातला, जन्म १८३८. 'ब्रॉड्रिब यांचा हॅम्लेट' अशी पाटी लावून तिकीट खपलं असतं का?

शंकेचं उत्तर देण्याआधी त्याची सुरुवात बघा, म्हणजे शेवट कळेल. १८५६ मध्ये संडरलंडला पहिली भूमिका, आणि त्यानंतर दहा वर्षं एडिनबरा, मँचेस्टर अशी भटकंती. तेव्हा गावोगावच्या थिएटरांची स्वतःची 'स्टॉक कंपनी' असे. म्हणजे पगारी नटांचा एक ठरलेला संच. त्यात प्रत्येकाचा खण ठरलेला: एक नायक, एक तरुण प्रेमिक, एक 'हेवी' म्हणजे खलनायक नि जाडजूड भूमिकांवाला, एक हलक्याफुलक्या विनोदाचा, एक म्हातारा, आणि तळाला 'युटिलिटी', म्हणजे पडेल ते काम. लंडनहून एखादा बडा नट आठवड्यासाठी आला की या सगळ्यांनी त्याच्या भोवती उभं राहायचं. सोमवारी हॅम्लेट, मंगळवारी मेलोड्रामा, बुधवारी भुताटकी. संहितेतलं तुमच्या वाट्याचं तेवढंच तुम्हाला मिळणार, मागेपुढे कोण काय बोलतं ते तालमीत कळेल तेव्हा कळेल. टोप, तलवार, घट्ट विजारी ज्याच्या त्याने आणायच्या.

या काळात अर्व्हिंगने पाचशेहून जास्त भूमिका केल्या. पाचशे! त्यातल्या बऱ्याच आठवड्याभरात विसरायच्या लायकीच्या असणार. डब्लिनमध्ये तर एका लोकप्रिय नटाला काढून त्याच्या जागी याला घेतलं म्हणून प्रेक्षकांनी काही आठवडे रोज हुर्यो उडवली. चूक मालकाची, शिव्या याला.

मधली_रांग
हाहा, 'पडेल ते काम' हे पद आमच्या हौशी संस्थेत तेवीस वर्षं माझ्याकडे आहे.

तिसरी_घंटा
@कळसूत्री, उत्तम प्रतिसाद. पुढचं मी जोडते. पुढे रेल्वे सगळीकडे पोचली आणि लंडनचं अख्खं नाटक, नटांसकट आणि पडद्यांसकट, गाडीत घालून गावोगाव नेणं परवडायला लागलं. १८७०-८०च्या दरम्यान स्टॉक कंपन्या मोडीत निघाल्या. म्हणजे ज्या शाळेत अर्व्हिंग शिकला ती त्याच्या डोळ्यांदेखत बंद पडली, आणि बंद पाडण्यात त्याचाही हात होता. रविवारी क्रू जंक्शनवर नाटकवाल्यांची गर्दी उसळायची. शनिवारी रात्री एका गावात खेळ संपवायचा, रविवारी गाडी बदलायची, सोमवारी दुसऱ्या गावात. निम्म्या इंग्लंडातले नट एकमेकांना फक्त क्रूच्या फलाटावर भेटत.

नेपथ्यकार
मूळ प्रश्नावर येतो. मी आयुष्यभर सेट उभे केलेत, त्यामुळे मला या गोष्टीचं उत्तर एका शब्दात दिसतं: गोदाम.

लायसियमची ख्याती निम्मी अर्व्हिंगच्या अभिनयाची आणि निम्मी देखाव्यांची. रंगवलेले अजस्र पडदे, व्हेनिसचे पूल, कॅथीड्रलं. वर गॅसचे दिवे आणि लाइमलाइट, म्हणजे तापवलेल्या चुन्याचा झगझगीत झोत. प्रेक्षागृहात काळोख करून फक्त रंगमंच उजळायचा, ही आज आपल्याला साधी वाटणारी गोष्ट त्याने कसून वापरली. एक नाटक उतरलं की त्याचा देखावा ठेवून द्यायचा, दोन वर्षांनी परत काढायचा, दौऱ्यावर न्यायचा. दहा-वीस नाटकं हाताशी असणं म्हणजे बँकेतली ठेव.

ही ठेव लंडनमध्ये सदर्कला रेल्वेपुलाच्या कमानींखाली ठेवलेली होती. फेब्रुवारी १८९८ मध्ये तिथे आग लागली आणि चाळीसहून अधिक नाटकांचे देखावे खाक झाले. त्यावर कडी म्हणजे थोड्याच काळापूर्वी काटकसर म्हणून विम्याची रक्कम कमी केलेली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ग्लासगोला फुप्फुसाच्या दुखण्याने तो आडवा झाला. १८९९ मध्ये लायसियम एका कंपनीच्या हवाली झालं, हा त्यांच्यासाठी खेळणारा नट उरला. १९०२ मध्ये लायसियमवर त्याचा शेवटचा प्रयोग झाला, 'मर्चंट ऑफ व्हेनिस'चा. त्यानंतर उरले मुख्यतः दौरे.

आमचंही एकदा गोदामात पाणी शिरलं होतं. प्लायवुड फुगलं की ते परत प्लायवुड होत नाही. त्या दिवसापासून मी अर्व्हिंगला नट मानत नाही, व्यवसायबंधू मानतो.

गंधर्ववेडा
अगदी अगदी! आपल्याकडे बालगंधर्वांचंही हेच. अस्सल दागिने, अत्तरं, गालिचे, आणि शेवटी कर्ज. १९१३ मध्ये गंधर्व नाटक मंडळी निघाली तेव्हापासूनच…

खवचट_आजोबा
आले. कोणत्याही धाग्याचे पन्नास प्रतिसाद होईपर्यंत बालगंधर्व येतात, इथे तर नवव्यालाच.

संपादक_मंडळ
बालगंधर्वांसाठी स्वतंत्र धागे आहेत. हा इंग्रजांचा राहू द्या.

गंधर्ववेडा
क्षमस्व. तरी एक संबंध सांगूनच जातो, कारण तो धाग्यातलाच आहे. आगरकरांनी हॅम्लेटचं 'विकारविलसित' केलं १८८३ मध्ये, म्हणजे अर्व्हिंग लायसियम गाजवत असतानाच. आणि ते रंगभूमीवर गाजवलं गणपतराव जोश्यांनी. गेलो.

पिटातला
आलो. नेपथ्यकारांशी नव्वद टक्के सहमत, पण आग हे निमित्त आहे असं माझं मत. खरं कारण 'ॲक्टर-मॅनेजर' नावाची भानगड. मराठीत नटमालक म्हणू. थिएटर भाड्याने मी घेणार, नाटक मी निवडणार, पैसे मी लावणार, नायक मीच. नफा माझा, पण तोटाही माझाच. त्या काळातला जवळजवळ प्रत्येक बडा नट या वाटेने गेला: लायसियमला अर्व्हिंग, हर मॅजेस्टीजला बिअरबोम ट्री, गावोगाव फ्रँक बेन्सन.

का गेले? कारण नुसत्या नटाला हातात काही नव्हतं. आणि त्यांच्या आधी सॅम्युअल फेल्प्सने रस्ता दाखवलेला होता. १८४३ पर्यंत लंडनमध्ये गंभीर नाटक करायचा परवाना प्रामुख्याने ड्रुरी लेन आणि कॉव्हेंट गार्डन या दोघांकडे. तो मक्ता कायद्याने मोडला, आणि पुढच्याच वर्षी फेल्प्सने सॅडलर्स वेल्ससारखं बाजूला पडलेलं, दंगेखोर पिटाचं (म्हणजे खालच्या स्वस्त जागांचं) थिएटर घेऊन अठरा वर्षं तिथे शेक्सपिअर केला. तीसहून जास्त नाटकं! देखाव्याचा फार बडेजाव नाही, चढं तिकीट नाही. माझ्या मते या सगळ्यांत शहाणा तोच. पण पुतळा मिळाला अर्व्हिंगला.

तिसरी_घंटा
@पिटातला, 'हातात काही नव्हतं' याच्याशी असहमत. एलन टेरीला लायसियममध्ये आठवड्याला दोनशे पौंड मिळत, असं सगळीकडे दिलेलं असतं. ती मालक नव्हती. उलट ती पुढे मालकीण झाली तेव्हाच बुडाली: १९०३ मध्ये मुलाच्या, गॉर्डन क्रेगच्या, नेपथ्याने इंपीरियल थिएटरमध्ये इब्सेन केला आणि पैसे गेले.

मीनल_केंटवाली
एलन टेरीचं नाव निघालंच आहे तर! स्मॉलहाइथला तिचं घर आमच्यापासून तासाभरावर आहे, दोनदा जाऊन आले. १८८८ च्या मॅक्बेथमधला तिचा हिरवा पोशाख तिथे ठेवलाय. क्रोशाचं विणकाम आणि त्यावर सोनकिड्यांचे साधारण हजार पंख शिवलेले. खरेखुरे! काळोख्या खोलीत ते असे लकाकतात की पाठीवरून काहीतरी सरकल्यासारखं वाटतं. किड्यांच्या पंखांचं भरतकाम ही मुळात आपल्याकडची कला, मोगल काळापासूनची. जॉन सिंगर सार्जंटने त्याच पोशाखात तिला रंगवलं, मुकुट डोक्यावर धरलेली. ते चित्र टेट गॅलरीत आहे. ऑस्कर वाइल्ड म्हणाला होता की लेडी मॅक्बेथ नवऱ्याचे कपडे गावच्या बाजारातून घेते, स्वतःची खरेदी मात्र बायझँटियममध्ये करते.

मधली_रांग
वाइल्डच्या वाक्यावर बायको गप्प आहे. वाखु (वाचनखूण) साठवली.

कळसूत्री
@तिसरी_घंटा, पगार बरोबर, पण पगाराने भूमिका मिळत नाहीत. एलन टेरी १८५६ मध्ये नऊ वर्षांची असताना चार्ल्स कीनच्या कंपनीत 'विंटर्स टेल'मधला छोटा राजपुत्र म्हणून उभी राहिली. पोर्शिया, बिआट्रिस, ऑफेलिया सगळं केलं. पण रोझलिंड कधीच केली नाही, आणि सगळ्या इंग्लंडचं म्हणणं होतं की ती रोझलिंड म्हणूनच जन्मली आहे. का नाही केली? कारण 'ॲज यू लाइक इट'मध्ये अर्व्हिंगच्या तोलाची भूमिका नाही. मालक नट, म्हणून नाटक मालकाच्या मापाचं. दोनशे पौंड घ्या आणि गप्प बसा.

मीनल_केंटवाली
हे माहीत नव्हतं. आता चिडचिड होतेय.

तिसरी_घंटा
मान्य. हा मुद्दा मी गमावला.

अनुस्वार
उच्चारावरून आठवलं. अर्व्हिंगचे स्वतःचे उच्चार हा त्या काळी मोठ्या वादाचा विषय होता! चालताना एक पाय ओढल्यासारखा, स्वर वाकडेतिकडे. गॉर्डन क्रेगने 'बेल्स'मधलं त्याचं एक वाक्य जसंच्या तसं टिपून ठेवलंय, त्यात 'रोप'चा 'रप' होतो. नाटककार-समीक्षक बर्नार्ड शॉने तर त्याच्यावर वर्षानुवर्षं तोफ डागली. म्हणजे ज्या माणसाच्या नावाचा उच्चार मी दुरुस्त करतोय त्याला माझ्या शेजारी बसवलं असतं तर मी रोज शंभर दुरुस्त्या केल्या असत्या.

यॉर्ककरीण
मग मी आयर्व्हिंगच म्हणणार, विषय संपला :)
पण 'बेल्स' काय आहे? सगळीकडे तेच नाव दिसतंय.

पिटातला
'द बेल्स' म्हणजे त्याची कुंडली. २५ नोव्हेंबर १८७१, लायसियम. तेव्हा थिएटर बेटमन नावाच्या अमेरिकन माणसाकडे होतं, त्याला स्वतःच्या मुलीला पुढे आणायचं होतं, आणि गल्ला आटलेला. अर्व्हिंगने हट्ट करून हे नाटक लावलं. मथायस नावाचा गावचा प्रतिष्ठित माणूस, ज्याने पंधरा वर्षांपूर्वी एका ज्यू प्रवाशाला लुटून मारलंय. बर्फगाडीच्या घुंगरांचा आवाज त्याला एकट्यालाच ऐकू येत राहतो. साधं मेलोड्रामा, पण त्या रात्री लंडन हादरलं.

त्या रात्रीची दुसरी गोष्ट अशी सांगतात. घरी जाताना बग्गीत बायको फ्लॉरेन्स म्हणाली, "जन्मभर असाच वेडेपणा करत राहणार का?" हाइड पार्क कॉर्नरला त्याने गाडी थांबवली, उतरला आणि पुन्हा तिच्याकडे परतला नाही. तिने घटस्फोट दिला नाही. १८९५ मध्ये तो 'सर' झाल्यावर ती मात्र रीतसर 'लेडी अर्व्हिंग' झाली.

खवचट_आजोबा
आमच्या हिने पहिल्या प्रयोगानंतर हेच विचारलं होतं. पण आम्ही एसटीत होतो, उतरणार कुठे.

मधली_रांग
आजोबा __/\__

बोटीवरचा
उशिरा आलो. नटांच्या कारकिर्दी म्हणाल तर विल्यम टेरिसला विसरू नका. तरुणपणी खलाशी, मग फॉकलंड बेटांवर मेंढ्या पाळल्या. त्याची मुलगी एलालाइन, पुढची नावाजलेली नटी, तिथे स्टॅन्लीत जन्मली १८७१ मध्ये. मग लंडनला परतून लायसियममध्ये अर्व्हिंगबरोबर देखणा नायक, पुढे ॲडेल्फीला मेलोड्रामाचा राजा. १६ डिसेंबर १८९७ ला ॲडेल्फीच्या मेडन लेनमधल्या दारात त्याला एका बेकार नटाने, रिचर्ड प्रिन्सने, भोसकून मारलं. प्रिन्सला फाशी झाली नाही, ब्रॉडमूरच्या वेड्यांच्या तुरुंगात ठेवलं. अर्व्हिंग म्हणाला होता म्हणे, की मेलेला नट होता, त्यामुळे खुन्याला फाशी होणार नाही. दोन वर्षांपूर्वी 'सर' झालेल्या माणसाचे हे उद्गार. इंग्लंडातल्या जुन्या कायद्यात भटके नट चोर-उचल्यांच्या यादीत होते, ते काही एका नाइटहूडने धुऊन निघत नाही.

नेपथ्यकार
आगीवरून राहिलं. बेन्सनचंही जळलं होतं! नोव्हेंबर १८९९, न्यूकॅसलचं थिएटर रॉयल. प्रयोग कुठला? 'मॅक्बेथ'. नाटकवाले त्या नाटकाचं नाव का घेत नाहीत ते कळलं ना. मीनलताईंनी वर एकदा घेतलंय, त्यांनी बाहेर जाऊन तीन गिरक्या घेऊन याव्यात.

मीनल_केंटवाली
बाहेर पाऊस आहे. माझ्याकडे देखावेही नाहीत. चालेल.

मधली_रांग
बेन्सन म्हणजे तोच ना, जो क्रिकेट खेळणारे नट घेत असे?

पिटातला
तोच. नट चांगला की फलंदाज, यात त्याचा घोळ व्हायचा अशा दंतकथा आहेत. पण माणूस मोठा. १८८३ पासून स्वतःची कंपनी, १८८६ पासून स्ट्रॅटफर्डचा उत्सव त्याच्याकडे, आणि कित्येक पिढ्यांचे नट त्याच्या हाताखालून गेले. त्याचं नाइटहूड तर नाटकातच झालं: १९१६, शेक्सपिअरची तीनशेवी पुण्यतिथी, ड्रुरी लेनला 'ज्युलिअस सीझर'. पाचव्या जॉर्जने त्याला बोलावून घेतलं, तो सीझरच्या वेशातच. राजाकडे तलवार नव्हती, ती नाटकाच्या सामानातून आणली.

खवचट_आजोबा
लाकडी तलवारीने सर. बाकीच्यांचं सगळं खरं, आणि आमचं प्लायवुडचं.

तिसरी_घंटा
एक उलटं उदाहरण देते, नाहीतर वाटेल सगळेच दिवाळखोर झाले. जॉन्स्टन फोर्ब्ज-रॉबर्टसन. मूळचा चित्रकार, अभिनय मनापासून आवडलाच नाही असं तो स्वतः सांगे. १८९७ मध्ये चव्वेचाळिसाव्या वर्षी हॅम्लेट केला, तोही लायसियमवरच, आणि शॉसारखा तिरकस माणूसही खूश झाला. पुढे जेरोमचं एक नाटक तुफान चाललं. १९१३ मध्ये ड्रुरी लेनला लंडनचा निरोप घेतला, त्याच सुमारास 'सर' झाला. ज्याला नट व्हायचं नव्हतं तोच धडपणे बाहेर पडला. मात्र त्या वर्षी त्याच्या हॅम्लेटचा चित्रपट काढला, ललवर्थच्या समुद्रकिनाऱ्यावर एल्सिनोर, म्हणजे हॅम्लेटचा किल्ला, उभं करून. साठ वर्षांचा हॅम्लेट, आणि इंग्लंडातला सगळ्यात सुंदर समजला जाणारा आवाज. चित्रपट मूक.

कळसूत्री
आणि ट्रीची गंमत सांगून मी थांबतो. 'मिडसमर नाइट्स ड्रीम'च्या जंगलात त्याने रंगमंचावर जिवंत ससे सोडले. प्रेक्षक ससे बघायला यायचे. हा खर्चिक थाट संपवला तो विल्यम पोएल नि ग्रॅनव्हिल बार्करसारख्या दिग्दर्शकांनी. १९१२ मध्ये बार्करने सव्हॉयला 'विंटर्स टेल' केलं, साधं नेपथ्य, भरभर बोलणं, संहिता जवळजवळ पूर्ण. देखाव्यांची गोदामं तेव्हापासूनच म्हातारी झाली. पण ट्रीचं एक काम टिकलं: १९०४ मध्ये त्याने काढलेली नाट्यशाळा, आजची राडा (रॉयल ॲकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट).

यॉर्ककरीण
केवढं मिळालं! सगळ्यांचे आभार. माझ्या प्रश्नाचं उत्तर 'गरज' असंच दिसतंय.

पिटातला
थोडी दुरुस्ती, माझ्याच शब्दाला. तो १८८३ पासून आठ वेळा अमेरिकेला गेला, तेव्हा काही म्हातारा नव्हता. लंडनला देखाव्यांवर उधळायचं आणि दौऱ्यांवर भरून काढायचं, हा त्याचा धंदाच होता. आगीनंतर फरक इतकाच पडला की परत जायला लंडनमध्ये स्वतःचं थिएटर राहिलं नाही. आणि ब्रॅडफर्डच्या त्या आठवड्यात, मरायच्या आदल्या रात्री, गुरुवारी, त्याने काय केलं? 'द बेल्स'. चौतीस वर्षांनी तोच मथायस, तेच घुंगरू. प्रयोगानंतर तो इतका थकला की ब्रॅम स्टोकरने (हो, ड्रॅक्युलावालाच, लायसियमचा व्यवस्थापक होता) हे नाटक पुन्हा करायचं नाही असं ठरवून सामान लंडनला परत पाठवलं.

नेपथ्यकार
कोणत्या गोदामात?

खवचट_आजोबा
नेपथ्यकारांना झोपवा कुणीतरी.

यॉर्ककरीण
पुढच्या महिन्यात लंडनला जातेय. नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीच्या मागे त्याचा पुतळा आहे म्हणे. फोटो टाकते. अनुस्वार, पाटीवर नाव कसं लिहिलंय तेही बघते, पण उच्चार माझा.